गुरुवारी रात्री दोनपर्यंत

'छत्री' हा तीन माणसांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एक नीलांबरी बोकारे, वय सेहेचाळीस, राहणार शॉमबर्ग, शिकागोपासून पाऊण तासावर. दुसरे डॉक्टर प्रताप सबनीस, वय एकोणऐंशी, निवृत्त भूलतज्ज्ञ. तिसऱ्या त्यांच्या पत्नी वीणा, वय पंचाहत्तर. सबनीस दांपत्य तेव्हा फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर पसरलेल्या एका अरुंद बेटावर राहत होतं. ग्रुपचं नाव सबनीसकाकांनी ठेवलेलं.

"वेधशाळेने ऊन सांगितलं की छत्री घ्यायची, ही आमची पुण्यातली सवय," ते म्हणायचे. "नीलूने सांगितलं की मात्र मी गुपचूप ऐकतो."

ही चेष्टा होती, पण त्यामागे नियमही होता. बेटावर राहायला गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी टीव्हीवर घर सोडण्याचा आदेश आला. दोघं निघाले, साडेअकरा तास महामार्गावर रांगेत अडकले, एका मोटेलबाहेर गाडीतच झोपले आणि वादळ दोनशे मैल पलीकडे गेलं. परत आल्यावर काकांनी ठरवून टाकलं. टीव्हीवाल्यांचं कामच घाबरवायचं. नीलू सांगेल तेव्हा निघायचं आणि तिच्याशी वाद घालायचा नाही. पुढे दोनदा तिने "थांबा" लिहिलं, ते थांबले, काही झालं नाही. एकदा "निघा" लिहिलं, ते निघाले. परत आले तेव्हा कुंपण आणि अंगणातलं आंब्याचं झाड गेलेलं होतं.

चौथ्या वेळी तिने जे लिहिलं, त्यात एकही अक्षर चुकीचं नव्हतं.

नीलांबरी नागपूरची. समुद्र तिने पहिल्यांदा एकोणिसाव्या वर्षी पाहिला, कॉलेजच्या सहलीत, आणि तो तिला आवडला नाही. पुण्यात ती हवामानशास्त्र शिकली. २००५ साली नवऱ्यामागोमाग, अनीशमागोमाग, शॉमबर्गला आली. तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. पहिले तीन महिने दोघं सबनीसांच्या तेव्हाच्या शॉमबर्गमधल्या घरात, बेसमेंटमध्ये राहिले. गाडी चालवायला वीणाकाकूंनी शिकवलं, बर्फावर ब्रेक हळूहळू दाबायचा असतो हेही त्यांनीच. सबनीसांना मूलबाळ नाही. त्यावर कधी कोणी काही बोललं नाही, पण नीलांबरीची मुलगी स्वानंदी जन्मली तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर सकाळपासून बसलेले दोघं हेच होते.

नंतर तिने इथे आणखी एक पदवी घेतली आणि एका खाजगी हवामान कंपनीत लागली. उपग्रहचित्रं वाचणं हे तिचं काम. गिऱ्हाइकं म्हणजे जहाजं, समुद्रातल्या तेलविहिरी, विमा कंपन्या. ऑफिस हायवेलगतच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर. खिडकीतून पार्किंग आणि एक टायरचं दुकान दिसतं. सर्वांत जवळचं खारं पाणी सातशे मैलांवर.

काम सांगायला सोपं आहे. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरचा उपग्रह एका जागी टांगल्यासारखा असतो आणि खालच्या समुद्राची चित्रं पाठवत राहतो. एरवी दर काही मिनिटांनी, वादळ किनाऱ्याजवळ आलं की दर मिनिटाला. ढगांची वळणं, मधला डोळा, ढगांचे माथे किती थंड आहेत, हे पाहून वादळाच्या जोराला एक आकडा द्यायचा, आठपैकी. दोन जण एकमेकांना न विचारता आकडा लिहितात, मग ताडून पाहतात. नीलांबरीच्या शेजारच्या खुर्चीवर कबीर बसतो, मुंबईचा, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. दोघांच्या आकड्यांत अर्ध्याहून जास्त फरक क्वचित पडतो.

अडचण अंधाराची असते. दिवसा कॅमेऱ्याला ढग दिसतात तसे दिसतात, सावल्यांसकट. रात्री फक्त उष्णता मोजता येते, म्हणजे दिसतात ते ढगांचे माथे. त्यांच्याखाली वादळाचं खरं केंद्र कुठे आहे, ते झाकलेलं राहतं. म्हणून या कामातली माणसं सूर्योदयानंतरच्या पहिल्या चित्राची वाट पाहतात, आणि त्याला भितातही. आदल्या संध्याकाळपासून ज्या जागेवर सगळे हिशेब मांडलेले असतात, तिथे कधीकधी काहीच नसतं.

आणि घड्याळ. वादळं मोजणाऱ्या सगळ्यांचं घड्याळ एकच, ग्रीनिचचं. चित्रावर वेळ छापलेली असते ती तीच, पुढे 'झेड' लावून. फ्लोरिडासाठी त्यातून चार वजा करायचे, शिकागोसाठी पाच. इतक्या वर्षांत ही वजाबाकी नीलांबरी करत नाही, ती होते.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डेल्मा नावाचं वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरलं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं: ते सरळ उत्तरेला जाईल आणि शुक्रवारी फ्लोरिडाच्या वरच्या कोपऱ्यात धडकेल. सबनीसांचं बेट तिथून अडीचशे मैल खाली. नीलांबरीने 'छत्री'वर लिहिलं, "सध्या निवांत."

बुधवारी सकाळी साडेसहाला पहिलं उजेडातलं चित्र आलं. कबीरने कॉफीचा कप खाली ठेवला.

"नीलांबरी, यार, हे बघ."

ढगांच्या मोठ्या पांढऱ्या गोळ्याच्या कडेला, उन्हाने लांब सावल्या पडल्या होत्या त्या बाजूला, खालचे बारीक ढग एका बिंदूभोवती वळत होते. रात्री मानलेल्या केंद्रापासून दूर, आग्नेयेला.

"तू कुठे धरतोस?"

"तू आधी सांग."

"लिही. मीपण लिहिते."

दोघांनी लिहिलं. जागा एकच निघाली. जुन्या केंद्रापासून पंच्याऐंशी किलोमीटर.

समुद्रात पंच्याऐंशी किलोमीटर म्हणजे फार नव्हे. पण त्या जागेवरून गणित पुन्हा मांडल्यावर डेल्मा उत्तरेला जाईना. ते ईशान्येला वळत होतं आणि शुक्रवारऐवजी गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास किनाऱ्याला लागत होतं. नकाशावरची रेघ बेटावरूनच गेली होती.

बेटाला एकच पूल आहे. वारा ताशी पासष्ट किलोमीटरच्या वर गेला की पोलीस तो बंद करतात. तेवढा वारा बेटावर कधी पोचेल ते नीलांबरीने तक्त्यात पाहिलं: गुरुवार, ०६ झेड. सहातून चार गेले, दोन. सात पन्नासला तिने लिहिलं:

"काका, मार्ग बदललाय. डेल्मा तुमच्याकडेच येतंय. गुरुवारी रात्री दोनपर्यंत पूल बंद होईल. त्याच्या आधी पलीकडे जा, पार ऑर्लंडोपर्यंत. या वेळी थांबायचं नाही."

चार मिनिटांत काकांचं उत्तर आलं. "मिळाला. वेळेत निघतो." खाली छत्रीचं चित्र.

अकरा वाजता दोन मीटिंगांच्या मध्ये तिने फोन केला. काकूंनी उचलला.

"अगं हो, चाललीये आवराआवर. काका गॅरेजमधून खिडक्यांवर बसवायचे पत्रे काढतायत. नेहमीसारखे नंबर लावून ठेवले नव्हते, आता शोधतायत कुठला कुठे बसतो ते. मी काही बोलले की म्हणतात, वीणा, तुला यातलं कळत नाही."

"काकू, पत्रे राहू देत. निघा."

"निघतोच आहोत गं. तू जेवलीस का?"

"जेवीन."

"म्हणजे नाही जेवलीस. जा."

एकूण पन्नास सेकंदांचा फोन. वेळेबद्दल कोणी काही विचारलं नाही, कारण दोघींनाही वेळ माहीत होती.

दुपारी डेल्माने दोन गोष्टी केल्या. अडीच वाजता त्याचा डोळा उघडला: पांढऱ्या तबकडीच्या मधोमध काळा, गोल, स्वच्छ ठिपका. त्या एका तासात नीलांबरीचा आकडा साडेचारवरून साडेपाचवर गेला, कबीरचाही. दुसरं म्हणजे त्याने वेग घेतला. ताशी एकोणीस किलोमीटरवरून सव्वीस. गुरुवार दुपारचं येणं गुरुवार सकाळवर आलं आणि पूल बंद होण्याची वेळ बुधवारी रात्री नऊवर. तिने हे तेलविहिरींना कळवलं, जहाजांना कळवलं. 'छत्री'वर लिहिलं नाही. तिच्या हिशेबाने काका-काकू तेव्हा ऑर्लंडोच्या आसपास पोचलेले होते.

"माझी माणसं निघाली, बरं झालं," ती कबीरला म्हणाली.

पाच दहाला फोन वाजला. फ्लोरिडात सहा दहा. काकूंचा आवाजी निरोप, एक्केचाळीस सेकंदांचा. कॉफी मशीनजवळ उभी राहून तिने तो ऐकला.

"नीलू, ऐक. काका शिडीवर आहेत म्हणून मीच बोलते. उद्या गुरुवार. संध्याकाळी दत्ताला नैवेद्य दाखवते, उपवास सोडते आणि सातला निघतो. तू रात्री दोन म्हणतेस म्हणजे तशी घाई नाही, पण काकांचं आपलं चाललंय, दुपारीच निघू, दुपारीच निघू. तू सांग त्यांना जरा. आणि फ्रीजरमध्ये खोवलेला नारळ आहे एवढा, लाइट गेले तर वाया जाणार. आइसबॉक्समध्ये घालून आणू का?"

निरोप संपल्यावर तिने तो पुन्हा ऐकला नाही. गरज नव्हती.

घड्याळाने पाहिलं तर गुरुवारचे रात्रीचे दोन म्हणजे बुधवारचा सूर्य मावळल्यानंतरचे दोन. तक्ता तेच सांगत होता. पण घरात बोलताना आपला वार मध्यरात्री बदलत नाही, उजाडल्यावर बदलतो. गुरुवारची रात्र गुरुवारचा दिवस जाऊन मग येते, आणि चाळीस वर्षं गुरुवारचा उपवास करणाऱ्या बाईला त्यात शंका असायचं कारणच नाही. नीलांबरीने इंग्रजीत लिहिलं असतं तर आकड्यापुढे 'एएम' आलं असतं. पण 'छत्री'वर इंग्रजी चालत नाही. तोही काकांचाच नियम.

दुपारी तीनला काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, घर सोडण्याचा सक्तीचा आदेश निघाला होता. दोघांच्या फोनवर भोंगा वाजला होता. काकांनी तो बंद केला होता. त्यांच्याकडे नीलूचा मेसेज होता.

तिने काकांना सहा वेळा फोन लावला, कोणी उचलला नाही. घामाने खराब होतात म्हणून ते श्रवणयंत्रं काढून शिडीवर चढले होते आणि हातात ड्रिल होतं. काकूंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. नीलांबरी खुर्चीवर येऊन बसली. समोर डेल्माचं दर मिनिटाचं चित्र होतं. वादळाची बाहेरची एक वळी, पावसाळी ढगांचा वाकडा पट्टा, किनाऱ्याकडे सरकताना तिला दिसत होती. वळीची रुंदी, वेग, ढगांच्या माथ्याचं तापमान, सगळं. त्या वळीच्या पुढ्यात एका घरात फोन वाजतोय हे तेवढं दिसत नव्हतं.

"काउंटीला कॉल करू?" कबीरने विचारलं.

"कर."

काउंटीच्या फोनवर तो एकोणीस मिनिटं होल्डवर राहिला.

पाच बावन्नला काकूंनी फोन उचलला.

"काकू, काकांना द्या. आत्ता. शिडीवरून उतरवा."

मागे ड्रिलचा आवाज थांबला. थोड्या वेळाने काका आले.

"काय गं? एकच पत्रा राहिलाय."

"काका, निघा. आत्ता. दहा मिनिटांत."

"अगं, उद्या रात्री ना?"

"आज रात्री. दोनही नाही, नऊ. वादळ फास्ट झालंय."

"तू गुरुवारी रात्री लिहिलंयस. माझ्यासमोर आहे मेसेज."

"गुरुवारी दोन म्हणजे आज रात्रीचे दोन, काका. बारा वाजले की गुरुवार लागतो."

पलीकडे काकांनी मेसेज पुटपुटत पुन्हा वाचला. एकोणतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये वेळा लिहिण्यात घालवलेला माणूस होता तो.

"मग तसं लिहायचं की," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "वीणा! चल. नारळ राहू दे."

सात पंचविसाला, फ्लोरिडाच्या घड्याळाने, त्यांची गाडी निघाली. पूल तीन मैलांवर. सात चाळीसला ती वळी किनाऱ्यावर आली आणि पुलाच्या मध्यावर एका पिकअपमागे बांधलेली बोट, ट्रेलरसकट, आडवी पडली. पोलिसांनी पूल तिथेच बंद केला. रांगेत काकांच्या पुढे बावीस गाड्या होत्या. सगळ्या वळवून परत पाठवल्या.

घर एकमजली होतं, समुद्रसपाटीपासून जेमतेम सहा फूट. लाटेचा अंदाज बारा फुटांचा. नीलांबरीने नकाशा उघडला आणि बेटावरच्या इमारती एकेक करून पाहिल्या, ओळखीची माणसं शोधावीत तशा. घरापासून अर्ध्या मैलावर एक चार मजली काँक्रीटचं पार्किंग होतं, बंद पडलेल्या एका हॉटेलचं.

"तिसऱ्या मजल्यावर लावा," तिने सांगितलं. "चौथा वरून उघडा आहे. जिन्याच्या भिंतीला चिकटून. गाडीतच बसा."

"दार बंद असलं तर?"

"तोडा."

दार उघडंच होतं. आधीच चार गाड्या येऊन थांबल्या होत्या.

शेवटचा फोन फ्लोरिडाच्या नऊ चाळीसला झाला. काकांच्या आवाजात हुरूप होता, आणि तेच वाईट होतं.

"नीलू, तुमचा अंदाज फसला बहुतेक. मी वरून टॉर्च मारला. कालव्यात पाणीच नाही! बोटी चिखलात बसल्यायत. पाणी वाढायचं सोडून उतरलंय."

"काका, वारा पूर्वेकडून आहे. तो पाणी समुद्रात ढकलतोय. केंद्र निघून गेलं की वारा फिरतो, मग ते सगळं परत येतं. एकदम येतं."

"बरं."

"आणि मध्ये डोळा येईल. वारा थांबेल, ऊनसुद्धा पडेल. खाली उतरायचं नाही. काका, ऐकू येतंय ना?"

"काय? यंत्रं घरी राहिली गं. अर्धवटच ऐकू येतंय. आणि वीणाचं इन्सुलिन फ्रीजच्या दारातच राहिलं. असू दे, सकाळी बघू."

"सकाळी नाही! काकूंना द्या फोन. काका..."

फोन लागत होता, मग लागेनासा झाला. मोबाइलचे मनोरे एकेक करून बंद पडत होते, हे तिला कंपनीच्याच एका तक्त्यावर दिसत होतं.

'सकाळी बघू' हे दोन शब्द घेऊन ती घरी आली. अनीशने जेवण वाढलं, ते तसंच राहिलं. तिने काकांचं म्हणणं त्याला सांगितलं.

"डॉक्टर आहेत ते," अनीश म्हणाला. "मूर्खपणा नाही करणार."

"डॉक्टर आहेत म्हणूनच जातील. औषध घरात आहे आणि घर अर्ध्या मैलावर आहे."

गुरुवारी सकाळी सव्वासहाला ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. स्वानंदी शाळेसाठी उठली होती. पंधरा वर्षांची, उंच, उत्तरं इंग्रजीत देणारी. ती येऊन आईच्या खुर्चीमागे उभी राहिली.

पहिलं उजेडातलं चित्र आलं. डोळा आता किनाऱ्यावर होता. तीस किलोमीटर रुंद, विहिरीसारखा. पूर्वेच्या भिंतीची सावली आत पडली होती आणि पश्चिमेची भिंत आतून पिवळसर उजळली होती. अशी चित्रं कंपनीच्या लॉबीत फ्रेम करून लावलेली असतात. नीलांबरीने किनाऱ्याची रेघ चित्रावर चढवली. बेट डोळ्याच्या आत होतं.

"आई, इज दॅट देम? अंडर दॅट?"

"हो."

"बट इट्स क्लिअर. दे आर ओके, राइट?"

नीलांबरीने पट्टी लावावी तसं कर्सरने अंतर मोजलं. बेटावरून डोळ्याचा बावीस किलोमीटरचा भाग जायचा होता. वेग ताशी सव्वीस. पन्नास मिनिटं. त्यातली किती गेली हे मागच्या चित्रांवरून काढता येत होतं: अकरा. उरली एकोणचाळीस. खाली वारा पडलेला असेल, आकाश निळं असेल, कालवे कोरडे असतील. तिसऱ्या मजल्यावरून घराचं छप्पर दिसत असेल. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला, तब्येत बरी असेल तर, अर्धा मैल चालायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. जायला पंधरा, शोधायला पाच, यायला पंधरा. हिशेब बसत होता. पण पन्नास मिनिटं हा आकडा तिच्याकडे होता, काकांकडे नव्हता, आणि पाणी डोळा संपायची वाट पाहीलच असं नव्हतं.

दर मिनिटाला चित्र बदलत होतं. प्रत्येकात भिंत थोडी जवळ. चित्राला आवाज नसतो.

"आई, यू आर नॉट ब्रीदिंग," स्वानंदी म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "श्वास घे ना."

सहा चोपन्नला डोळ्याची नैर्ऋत्येकडची भिंत बेटावर चढली आणि बेट दिसेनासं झालं.

त्यानंतर एकतीस तास काहीही कळलं नाही. ती कामावर गेली, आकडे दिले. डेल्मा जमिनीवर आल्यावर त्याचे आकडे उतरत गेले, चार, तीन, दोन. कबीर दर तासाला सापडलेल्या आणि बेपत्ता लोकांची काउंटीची यादी पाहायचा आणि मान हलवायचा. लाट साडेअकरा फुटांची आली होती. बेटावरची एकमजली घरं हेलिकॉप्टरच्या चित्रांत नुसते चौथरे म्हणून दिसत होती. पार्किंगची इमारत उभी होती. तिसऱ्या मजल्यावर कोण आहे, ते वरून दिसत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. कोस्टगार्डच्या कोणाचा तरी.

"नीलू," काकू म्हणाल्या, "हा दुसऱ्याचा फोन आहे, पटकन बोलते. आम्ही आहोत."

पुढचं नंतर, तुकड्यातुकड्यांत कळलं. ऊन पडल्यावर काका खरंच उतरायला निघाले होते. त्या मजल्यावरचा आणखी एक माणूस, पन्नाशीचा, आपली बोट पाहायला खाली चालला होता. काका त्याच्या मागून निघाले. काकूंनी हाका मारल्या. काकांना ऐकू आल्या नाहीत, यंत्रं घरी होती. ते दुसऱ्या मजल्याच्या उतारापर्यंत पोचले तेव्हा काकूंनी पुढच्या सीटवर सरकून गाडीच्या हॉर्नवर हात ठेवला आणि काढला नाही. तो त्यांना ऐकू आला. ते चिडून वर आले.

"माणूस गेल्यासारखा काय वाजवतेस? तुझंच इन्सुलिन आणायला चाललोय."

"आज गुरुवार आहे," काकू म्हणाल्या. "आत्ता उजाडलं, आत्ता लागला. माझा उपवास. गुरुवारी डोस निम्मा, तुम्हीच ठरवलंय. तेवढ्यासाठी जायचं नाही."

यावर त्यांचा दर आठवड्याला वाद होतो. मधुमेहाच्या रुग्णाने उपवास करू नये असं काकांचं मत, आणि डोस निम्मा ही त्यांनीच काढलेली तडजोड. त्यांनी मनात आकडे मांडले. संध्याकाळपर्यंत इन्सुलिनशिवाय निभेल असं त्यांना दिसलं. ते गाडीत बसले. बारा मिनिटांनी वारा उलटा फिरला, आणि पाणी सर्वांत खालच्या मजल्याच्या छताला लागलं.

बोट पाहायला गेलेला माणूस परत आला नाही. त्याचं नाव काकांना माहीत नव्हतं. नंतर त्यांनी काउंटीच्या यादीत शोधून काढलं आणि लिहून ठेवलं.

"वीणाच्या त्या गुरुवाराला उपवास कसला म्हणायचा," काका आता सांगतात. "खायला काही नव्हतंच. नारळ घरी राहिला."

घर गेलं. दोघं आता ऑर्लंडोच्या उत्तरेला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहतात, समुद्रापासून चाळीस मैल आत. चुकीबद्दल काका पुन्हा कधी बोलले नाहीत. 'मग तसं लिहायचं की,' एवढंच. नीलांबरीने माफी मागायचा एकदा प्रयत्न केला, तेव्हा काकूंनी तिला जेवलीस का म्हणून विचारलं.

तिला अजून पहिल्या चित्राची भीती वाटते. पूर्वी वाटायची ती केंद्र चुकल्याची. आता आकडे बरोबर असले तरी वाटते. तक्त्यातली वेळ आणि माणसाच्या डोक्यातला वार यांच्यामध्ये किती जागा आहे, ते तिला माहीत झालंय, आणि ती जागा कुठल्याच उपग्रहातून दिसत नाही.

यंदा जुलैत पहिलं वादळ आखाताकडे वळलं तेव्हा तिने 'छत्री'वर लिहिलं: "शनिवारी अंधार पडायच्या आत घरात सामान भरून ठेवा. बाहेर पडू नका."

मिनिटभरात काकांचं उत्तर आलं. "शनिवार कुठला? तुझा की वीणाचा?"

खाली छत्री नव्हती. तिने फोन लावला.

"काका, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग शनिवार कधी?"

"उद्या शुक्रवार, परवा शनिवार. दोनदा झोपून उठायचं."

"आणि अंधार पडायच्या आत म्हणजे?"

"दिवेलागणीच्या आधी. म्हणजे आठ. संध्याकाळचे. अगं, मी काय पहिलीत आहे का?"

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. मग काकूंना फोन द्यायला लावून तिने त्यांच्याकडूनही वदवून घेतलं, आणि तेव्हाच फोन ठेवला.